सगळ्या कागदांवर एकच उत्तर

सांतोची बेकरी आणि माझं ऑफिस यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही प्लायवूडची. पलीकडे पीठ मळायचं यंत्र सुरू झालं की इकडे माझ्या टेबलावरचा चष्मा सरकत सरकत कडेला यायचा. पंधरा वर्षं मी त्या माणसाला भिंतीतून ऐकलं. गाणी बेसूर म्हणायचा, शिवी कधी दिली नाही, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की एकच वाक्य घोकत बसायचा. "हो मॅडम, धंदा संपला की आम्ही आमच्या गावी परत जाणार."

ते वाक्य मीच त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

माझं नाव पेर्ला. माझा नवरा इथे अमेरिकेत, व्हर्जिनिया बीचच्या नौदल तळावर आचारी होता. तो गेल्यावर घरात रडत बसण्यापेक्षा मी लोकांचे कागद भरून द्यायला लागले. टॅक्स, व्हिसाची मुदतवाढ, आईवडिलांना बोलावून घ्यायचे अर्ज. मी वकील नाही, आणि वकिलासारखे पैसेही घेत नाही. आमच्या फिलिपिनी लोकांना वकिलाची भीती वाटते. माझा नुसता धाक वाटतो, कारण मी ओरडते. पण माझ्या हातचा कागद परत आलाय असं फारसं झालं नाही, आणि त्याची मला घमेंड होती हे आता कबूल करायला हरकत नाही.

सांतो, म्हणजे क्रिसांतो दिमाकुलांगान, २००१ साली फिलिपिन्समधल्या लिपाहून आला. बापाच्या वाटणीची कॉफीची जमीन विकून त्याने इथल्या एका म्हाताऱ्याची बंद पडत आलेली बेकरी घेतली. बरोबर बायको लिंदा आणि तीन वर्षांची पोर, आमिहान. पैसा गुंतवून धंदा करणाऱ्यांचा जो व्हिसा असतो त्यावर आला होता. त्या व्हिसाची गंमत अशी की धंदा आहे तोवर राहा, पण कायमचं राहायचं नाव काढू नका. दर दोन वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज, दर पाच वर्षांनी मनिलाच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन मुलाखत. आणि प्रत्येक ठिकाणी शपथेवर लिहून द्यायचं, की धंदा संपला की आम्ही परत जाऊ.

पहिल्या मुदतवाढीच्या वेळी मी त्याला समोर बसवलं आणि दम भरला.

"हे बघ सांतो, सरकारचे कागद आपापसात बोलतात. इथे एक लिहिलंस, तिथे दुसरं लिहिलंस, तर मेलास. सगळ्या कागदांवर एकच उत्तर. समजलं?"

"समजलं, आते."

आते म्हणजे थोरली बहीण. आमच्यात मोठ्या माणसाचं नाव नुसतं घेत नाहीत.

"मग सांग. परत जाणार का?"

"म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"तसं नाही आणि असं नाही. 'हो मॅडम'पासून सुरू कर."

बिचाऱ्याने ते इतकं मनावर घेतलं की तो नुसता तसं बोलला नाही, तसा जगला. घर घेतलं नाही. बँकवाला स्वतःहून दारात आला होता, तरी नाही. बैठकीच्या खोलीत पंधरा वर्षं घडीच्या पत्र्याच्या खुर्च्या. गावी बहिणीच्या नावाने एक जमिनीचा तुकडा राखून ठेवलेला, आणि दर ख्रिसमसला माणूस मावेल एवढा खोका भरून गावी पाठवायचा, त्याची पावतीसुद्धा फाइलला लावायचा. लिंदा माझ्याकडे येऊन करवादायची.

"आते, मी पडद्याची दांडी बसवायला सांगितली तर म्हणतो, भिंतीला भोकं कशाला? उद्या जायचं झालं तर? पंधरा वर्षं झाली, याचा उद्या काही उजाडत नाही!"

"मग तूच बसव."

"बसवली. तर त्याने तिचाही फोटो काढून ठेवला, वकिलातीला दाखवायला. म्हणे, बघा, आम्ही साधीच दांडी घेतली."

आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की लाज वाटते.

आमिहान मात्र इथलीच झाली. तिला पानदेसालपेक्षा दुकानाच्या मागची खाडी जास्त आवडायची. पानदेसाल म्हणजे आमचे सकाळचे मऊ पाव, ज्यांच्यासाठी रविवारी प्रार्थना सुटली की सगळं चर्च सांतोच्या दारात रांग लावायचं. ही पोर त्या वेळी गुडघाभर चिखलात उभी राहून कालवं मोजत असायची. शाळेतल्या बाईंनी तिला खाडी साफ करणाऱ्या लोकांबरोबर नेलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडात दुसरा विषय नाही. एक कालव दिवसाला किती पाणी गाळतं हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन.

"तीता, माणसांनी खाडी बिघडवली आणि शिंपले ती दुरुस्त करतायत, आहे की नाही?" ती म्हणायची. तीता म्हणजे मावशी.

"आधी तुझे बूट दुरुस्त कर. माझ्या कार्पेटवर चिखल आलाय."

२०१६च्या मार्चमध्ये तिला कॉलेजचं पत्र आलं. व्हर्जिनिया राज्य सरकारचं कॉलेज, आणि कालवांची म्हणून वेगळी प्रयोगशाळा असलेलं. सांतोने त्या दिवशी पावाचे पैसेच घेतले नाहीत. लिंदाने परातभर शेवया परतल्या. शेजारचा न्हावी, लॉन्ड्रीवाली, सगळे येऊन खाऊन गेले. सांतो प्रत्येकाला धरून सांगत होता, "आमच्या घराण्यातली पहिली!" आणि आमिहान लाल होऊन म्हणत होती, "बाबा, पुरे ना!"

आता इथे एक गोष्ट इथल्या प्रत्येक आईबापाला पाठ असते. सरकारी कॉलेजात राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरच्यांना तिच्या जवळजवळ तिप्पट. सांतोने पदरी जमवलेलं सगळं मिळून पहिल्या फीपुरतं होतं. तिप्पट म्हटलं तर बेकरी विकली तरी दोन वर्षं निघाली नसती. आणि बेकरी विकली की व्हिसाच संपला. सरकारी मदत, कर्ज, शिष्यवृत्ती या व्हिसावर मिळत नाही. पण त्याची काळजी कोणालाच नव्हती. पोर तीन वर्षांची असल्यापासून इथे, बाप इथे टॅक्स भरतो, आणि त्याच्या व्हिसावरच्या माणसाला राज्याचा रहिवासी ठरायला कायद्याने मनाई नव्हती. मग ती राज्यातली नाही तर कुठली?

एप्रिलमध्ये रहिवासाचा फॉर्म आला. चार पानांचा. सांतोने तो माझ्याकडे आणला नाही.

का नाही आणला, हे मी नंतर त्याला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "गेल्या दोन अर्जांचे तुम्ही पैसे घेतले नव्हते, आते. किती वेळा यायचं तोंड वर करून?" आमच्या लोकांची ही लाज. उपाशी राहतील, पण दुसऱ्यांदा वाढून मागणार नाहीत. भिंतीवर एक टकटक केली असती तरी मी धावत गेले असते.

त्याने काउंटरवर बसून स्वतः फॉर्म भरला. शेजारी वकिलातीची फाइल उघडी. दोन्ही कागद जुळले पाहिजेत ना! एकेक ओळ ताडून बघत लिहिलं. नाव, पत्ता, टॅक्स, सगळं बिनचूक. तिसऱ्या पानावर प्रश्न होता, की पालकांचा व्हर्जिनियात कायम राहण्याचा इरादा आहे का. त्याने 'नाही'वर खूण केली. खाली कारण लिहायला दोन ओळी होत्या, त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'धंदा संपला की आम्ही आमच्या गावी परत जाणार.' आणि एवढ्यावर न थांबता, कोणी मागितलेलं नसताना, गेल्याच वर्षीच्या मुदतवाढीतलं शपथपत्र झेरॉक्स करून जोडलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मे महिन्यात आमिहान माझ्या दारात उभी राहिली. हातात पत्र. आत ये म्हटलं तरी येईना.

"तीता, यांनी मला बाहेरची ठरवलंय."

मी पत्र वाचलं. मग तिने त्यांच्याकडून मागवून घेतलेली फॉर्मची प्रत वाचली. तिसऱ्या पानापर्यंत आले आणि पुढचं पान उलटलंच नाही. उठले ती तशीच बेकरीत गेले. सांतो ट्रेमध्ये गोळे मांडत होता.

"अरे गाढवा, हे काय लिहिलंस तू?"

"काय झालं? चुकलं का कुठे?" तो हात पुसत पुढे आला. "मी सगळं फाइलशी ताडून बघितलं, आते."

"हे वकिलातीचं आहे का? हे कॉलेज आहे! त्यांना उलटं हवं असतं. तुम्ही इथले आहात, इथेच राहणार, हे ऐकायचं असतं त्यांना!"

खरंच त्याला कळेना.

"पण तुम्हीच म्हणाला होतात," तो हळू आवाजात म्हणाला, "सगळ्या कागदांवर एकच."

लिंदा काउंटरमागे होती, तिने ऐकलं. मी तिथून माझ्या ऑफिसात आले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मला दुसऱ्या कोणाची नाही, माझीच चीड आली. पंधरा वर्षं मी त्याला एक दार उघडायची किल्ली घासूनपुसून देत होते, आणि घरात दुसरंही दार आहे हे मला सुचलं नव्हतं.

अपील करता येत होतं. मी रात्रंदिवस कागद गोळा केले. पंधरा वर्षांचे टॅक्स, शाळेचे दाखले, गाडीचा परवाना, चर्चच्या पाद्र्याचं पत्र, खाडीवाल्या बाईंचं पत्र. जूनच्या शेवटी कॉलेजच्या समितीसमोर जायचं होतं. सांतोला मी नवं वाक्य दिलं.

"म्हण. हो मॅडम, आम्हाला कायम व्हर्जिनियातच राहायचंय."

"आणि ऑगस्टमध्ये मनिलाला मुलाखत आहे, आते. तिथे?"

"तिथलं तिथे बघू."

"पण कागद आपापसात..."

"माहितीय मला काय म्हणाले होते ते! म्हण आधी."

आठवडाभर मी भिंतीतून ऐकत होते. जुनं वाक्य तो यंत्राच्या आवाजावर खणखणीत म्हणायचा. हे नवं त्याच्या घशातून बाहेर येईना. "हो मॅडम, आम्हाला कायम..." इथपर्यंत यायचा आणि आवाज पडायचा. देवाशपथ सांगते, त्याला खोटं बोलायचं होतं म्हणून नव्हे. मला वाटतं ते खरं होतं म्हणूनच तोंडातून निघत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला हात लावायचा नाही असं ठरवलेलं, ती एकदम उचलून लोकांपुढे कशी ठेवणार?

समितीत तिघं होते. मधे पांढऱ्या केसांची बाई, डाव्या हाताला एक शांत म्हातारा, उजवीकडे चष्म्याचा तरुण गृहस्थ. सांतोने जाताना लोणी-साखरेच्या गोड पावांचा खोका नेला होता. मी गाडीतच नको म्हटलं होतं. त्याने तो टेबलावर ठेवला. बाई हसली आणि म्हणाली, "वास फार छान येतोय हो, पण आम्हाला घेता येत नाही." त्याने खोका उचलून मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत तसाच धरून बसला.

आमिहान छान बोलली. मी कुठून आले हे मला आठवतसुद्धा नाही, म्हणाली. मला आठवतं ते सगळं इथलं. त्या शांत म्हाताऱ्याने तिला कालवांबद्दल विचारलं तर ती पाच मिनिटं थांबेचना. तिघांनाही हसू आलं. मला वाटलं, जमलं.

मग बाई सांतोकडे वळली. "मिस्टर दिमाकुलांगान, साधा प्रश्न आहे. तुमचा इथे राहायचा इरादा आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खोक्याकडे. मग म्हणाला, अगदी स्पष्ट म्हणाला, "हो मॅडम. आम्हाला कायम व्हर्जिनियातच राहायचंय."

आमिहानने झटकन त्याच्याकडे बघितलं. तिने हे बापाच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, मॅडम."

बाईने लिहून घेतलं. चष्म्याच्या गृहस्थाने पान उलटलं. वाईट माणूस नव्हता तो. नियम असा होता की इरादा निदान वर्षभर आधीपासूनचा हवा, आणि ते बघणं त्याचं काम होतं. म्हणाला, "पण गेल्या वर्षी याच महिन्यात तुम्ही शपथेवर लिहून दिलंय की तुम्ही परत जाणार. हे तुम्हीच जोडलंय. दोन्ही खरं नसणार. मग हे शपथपत्र खोटं आहे, असं आम्ही धरायचं का?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. शपथपत्र खोटं म्हटलं तर पोरीची फी वाचणार. पण सरकारला खोटी शपथ दिल्याचं तो स्वतःच्या तोंडाने सांगणार, आणि मग व्हिसा, बेकरी, तिघांचा मुक्काम, सगळंच उघड्यावर.

"सर," सांतोने विचारलं, "इथे लिहिलेलं पुढे कुठे जातं?"

"ते मी सांगू शकत नाही."

मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. असती तरी मी काय सांगणार होते? पंधरा वर्षं सांगितलं ते पुरेसं झालं होतं.

"शपथेवर लिहिलेलं खरं आहे," सांतो म्हणाला.

"आणि आत्ता बोललात ते?"

"ते..." तो थांबला. "ते मुलीसाठी म्हटलं."

घरी येताना गाडी सांतोच चालवत होता. मागच्या सीटवर मी आणि आमिहान, मधे तो खोका. पूल ओलांडला. मग तिने विचारलं, "बाबा, खरं काय? तुम्हाला राहायचंय की जायचंय?"

त्याने गाडीचा वेग कमी केला.

"मला काय हवंय, हे कोणी विचारलंच नाही गं कधी," तो म्हणाला. "काय सांगणार, तेवढंच विचारायचे. आता माझं मलाच सापडत नाही."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. रडली नाही. मीच रडले.

निकाल जुलैत आला, आणि तो काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं. जवळच्या छोट्या कॉलेजातही तोच नियम, तीच तिप्पट फी. पुढे मला एका वकिलाने सांगितलं, की 'जोवर कायदा राहू देईल तोवर इथेच राहायचं आहे' एवढं वाक्य लिहिलं असतं तर दोन्हीकडे चाललं असतं. एवढं साधं वाक्य! माझ्या कपाटात तीस वर्षांचे कागद आहेत, त्यात ते कुठे नाही. आणखी चार वर्षांनी राज्याने नियमही सैल केला, इथल्या शाळेतून शिकलेल्या मुलांसाठी. बैल गेला आणि झोपा केला. तोवर आमिहान लिपात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

हो, लिपात. सांतोच्या बहिणीने फोनवर सांगितलं, इकडे पाठवून द्या, आमच्याकडे फी परवडेल. कालवांचं काय ते विचारलं तर म्हणाली, कालवं बाजारात मिळतात. नर्स करा तिला, नर्स झाली की पुन्हा अमेरिकेला जाता येतं.

"मला तिथली भाषा नीट येत नाही, तीता," जाण्याच्या आदल्या दिवशी पोर मला म्हणाली. "मी बोलले की आत्याची मुलं हसतात. फोनवरच हसतात."

"महिन्याभरात शिकशील," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑगस्टमध्ये बापलेक एकाच विमानाने गेले. त्याची मनिलाची मुलाखत ठरलेलीच होती. त्याचं तिकीट जाण्यायेण्याचं, तिचं एकाच बाजूचं. लिंदा विमानतळावर गेली नाही. दिवसभर बेकरीत उभी राहून तिने पाव विकले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बरोबर सुट्टे दिले.

तीन आठवड्यांनी भिंतीपलीकडचं यंत्र पुन्हा सुरू झालं. दुपारी सांतो माझ्याकडे आला. पासपोर्ट उघडून त्याने टेबलावर ठेवला. नवा व्हिसा, पाच वर्षांचा.

"अडवलं का?" मी विचारलं.

"नाही. दर वेळी तासभर उलटसुलट विचारायचे. या वेळी दोन मिनिटं." तो खुर्चीवर बसला. "बाईने विचारलं, परत जाणार का? मी म्हटलं, हो मॅडम. ती म्हणाली, गावी तुमचं कोण आहे? मी म्हटलं, मुलगी. इथेच शिकते."

"मग?"

"मग तिने फाइल मिटली, आते. पुढचा एकही कागद बघितला नाही. हसून म्हणाली, असं होय, मग तर तुम्ही नक्की परत येणार."